तबकडीच्या सुईमागचा वाकणारा स्फटिक

दिंडोशीच्या डोंगरउतारावर १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. मुंबईचे चित्रपटसंगीत मात्र त्याच्या कितीतरी आधी तबकड्यांवरून घरोघरी पोहोचले होते. अनेक रेकॉर्ड प्लेअरांत सुईमागे एक चिमुकली स्फटिकपट्टी असे.

काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार येतो, हे प्येर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. पण स्फटिक ताठ, सुईची थरथर नाजूक. मग दोन पातळ चकत्या एकमेकींस चिकटवल्या. पट्टी वाकली की एक ताणली जाते, दुसरी आकसते. दोघींचा विद्युतपरिणाम एकत्र घेता येतो. क्लीव्हलंडच्या ब्रश प्रयोगशाळेत सी. बी. सॉयर यांनी १९३१ च्या सुमारास हीच युक्ती ध्वनियंत्रांत आणली. स्फटिक होता रॉशेल लवणाचा, म्हणजे पाण्यात विरघळणारा. मुंबईच्या आषाढाशी त्याचे कसे जमावे! पुढे बेरियम टायटनेटसारख्या, ओलाव्याला न जुमानणाऱ्या सिरॅमिकने त्याची जागा घेतली.

याची उलट बाजू लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने वर्तवली, क्यूरी बंधूंनी ती लगेच सिद्ध केली: विद्युतदाब द्या, पट्टी स्वतःच वाकते. अंधांसाठीच्या ब्रेल पडद्यांत अशाच पट्ट्या टोकाने ठिपके उचलतात.