फॅरडेंची कार्डे

नदीच्या पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हावी लागते, ही समजूत तशी अलीकडची. विजेवरील संशोधनामुळे जगन्मान्य झालेल्या मायकेल फॅरडे यांनी जुलै १८५५ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला एक पत्र लिहिले. त्यात प्रयोगशाळा कुठेच नाही. भर दुपारी, ओहोटीच्या वेळी ते आगबोटीने थेम्समधून चालले होते. पाणी गढूळ, तपकिरी, दुर्गंधी असह्य. त्यांनी पांढरी कार्डे फाडली, तुकडे सहज बुडावेत म्हणून ते ओले केले आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागली तिथे ते पाण्यात सोडले. लख्ख ऊन असूनही इंचभर खाली जाण्याआधीच तुकडा दिसेनासा होई. उभ्या पडलेल्या तुकड्याचा वरचा भाग पाण्याबाहेर असतानाच खालचा नाहीसा झालेला असे.

गद्यशैलीच्या अभ्यासकांनी हे पत्र अवश्य वाचावे. त्यात संताप आहे, पण तो वेळ, धक्क्यांची नावे आणि इंच यांच्या आधाराने बोलतो. कोणाही वाचकाने त्याच बोटीत बसून तोच प्रयोग करून पाहावा, अशी त्याची रचना आहे. 'पंच'ने लगेच व्यंगचित्र काढले : नाक दाबून धरलेले फॅरडे चिखलाने माखलेल्या थेम्सबाबाला आपले कार्ड देत आहेत! एखादा कडक उन्हाळा या हलगर्जीपणाचा पुरावा देईल, हा पत्रातील इशारा मात्र थट्टेत विरला. तो उन्हाळा १८५८ साली आला. दुर्गंधी नदीकाठच्या पार्लमेंटात शिरली, तेव्हा कुठे गटारांच्या योजनेसाठी कायदा झाला.

अर्थात कार्डाला फक्त गढूळपणा कळतो. नितळ पाण्यातही पटकीचे जंतू असू शकतात. शिवाय कार्डाची साक्ष त्या क्षणापुरतीच. ही दुसरी उणीव पुढे किड्यांनी भरून काढली. अमेरिकेत 'द कम्प्लीट अँग्लर'कार आयझॅक वॉल्टन यांचे नाव धारण करणाऱ्या, मासेमारीच्या शौकिनांनी स्थापन केलेल्या संस्थेने १९६९ मध्ये 'सेव्ह अवर स्ट्रीम्स' हा उपक्रम सुरू केला. त्यात स्वयंसेवक ओढ्यातले दगड उलटून त्यांखालच्या अळ्या मोजतात. स्टोनफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्या महिनोन्‌महिने पाण्यात राहतात आणि प्रदूषण त्यांना सोसत नाही. रात्री गुपचूप सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून जाते. दगडाखालची जागा मात्र रिकामी राहते. सोडले काय होते, हे त्या रिकाम्या जागेवरून कळत नाही. तिथे पुन्हा प्रयोगशाळाच गाठावी लागते.