लॉ कॉलेजमधले एलजीबीटी विद्यार्थी नेमकं काय मागतात? नंदुरबारसारख्या जिल्ह्यात त्याचा काय उपयोग?

देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात हा कार्यक्रम झाला होता. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. आधार नोंदणीच्या अर्जात लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री यांच्यासोबत 'ट्रान्सजेंडर' हा तिसरा पर्यायही होता. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायदेशीर मान्यता दिली, ती त्यानंतर साडेतीन वर्षांनी.

पण एका अर्जात रकाना आला म्हणून बाकीचे अर्ज बदलत नाहीत. कॉलेजचा प्रवेश अर्ज, होस्टेलची खोली, पदवी प्रमाणपत्र, निवडणुकीचा उमेदवारी अर्ज, बँकेचं खातं अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशातल्या विधी महाविद्यालयांमधले एलजीबीटी विद्यार्थी याच प्रश्नावर काम करत आहेत. त्यांच्या मागण्या काय आहेत आणि मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात त्यांचा काय उपयोग होऊ शकतो, ते समजून घेऊया.

एलजीबीटी म्हणजे कोण?

लेस्बियन, गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर या चार शब्दांची आद्याक्षरं मिळून हा शब्द झाला आहे. पहिल्या तीन शब्दांचा संबंध माणसाला कोणाबद्दल आकर्षण वाटतं याच्याशी, म्हणजे लैंगिक कलाशी आहे. ट्रान्सजेंडर या शब्दाचा संबंध मात्र माणूस स्वतःला स्त्री मानतो, पुरुष मानतो की या दोन्हींपेक्षा वेगळं मानतो, याच्याशी आहे. मराठीत त्यासाठी 'तृतीयपंथी' आणि 'पारलिंगी' हे शब्द वापरले जातात. या सगळ्यांसाठी मिळून 'क्वीअर' हा शब्दही आता रूढ झाला आहे.

२०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच लिंगाच्या रकान्यात 'इतर' हा पर्याय देण्यात आला. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्यात झाली. समलिंगी व्यक्तींची मोजणी जनगणनेत होत नाही.

कायद्याचं शिक्षण घेणारेच पुढे का?

कारण या समाजाचा गेल्या दोन दशकांचा इतिहास मुख्यतः कोर्टात घडला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम ३७७ मधला हा भाग घटनाबाह्य ठरवला.

म्हणजे २०१३ मध्ये पाच वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतलेला समलिंगी विद्यार्थी जवळपास अख्खी पदवी कायद्याच्या नजरेत संशयित म्हणून जगला. जो कायदा तो वर्गात शिकत होता, तोच त्याच्या खासगी आयुष्याला लागू होत होता.

२०२३ चा वाद काय होता?

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या मान्यतेवर सुनावणी सुरू होती. त्याच वेळी, २३ एप्रिलला बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून या मागणीला विरोध केला. देशातल्या ९९.९ टक्क्यांहून अधिक लोकांचा अशा विवाहाला विरोध आहे, असा दावा त्यात होता.

त्यावर देशभरातल्या तीसहून अधिक विधी शिक्षणसंस्थांमधल्या क्वीअर विद्यार्थी गटांनी एकत्र येऊन निषेधाचं निवेदन काढलं. हे धाडसाचं होतं. कायद्याच्या शिक्षणाचे निकष बार कौन्सिलच ठरवते आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय वकिली नियमितपणे करता येत नाही. ज्या संस्थेच्या दारातून उद्या जायचं आहे, तिलाच हे विद्यार्थी चुकीचं म्हणत होते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. मात्र समलिंगी जोडप्यांच्या अडचणींसाठी समिती नेमण्याचं केंद्राचं आश्वासन न्यायालयाने नोंदवून घेतलं. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही.

कॅम्पसमध्ये काय बदललं?

सगळ्यात ठळक उदाहरण हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाचं आहे. २०१५ मध्ये तिथे एका विद्यार्थ्याच्या विनंतीवरून पदवी प्रमाणपत्रावर 'मिस्टर' किंवा 'मिस' ऐवजी 'मिक्स' हे लिंगनिरपेक्ष संबोधन छापण्यात आलं. मार्च २०२२ मध्ये होस्टेलच्या एका इमारतीचा तळमजला एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठी लिंगनिरपेक्ष जागा म्हणून जाहीर झाला आणि वर्गांच्या इमारतीत तसंच स्वच्छतागृह करण्यात आलं.

महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई कॅम्पसमध्ये लिंगनिरपेक्ष होस्टेल याआधीच सुरू झालं होतं. आयआयटी मुंबईत 'साथी' हा विद्यार्थी गट २०११ पासून आहे.

होस्टेलची खोली वरवर किरकोळ बाब वाटते. पण मुलांच्या होस्टेलमध्ये मारहाण होईल आणि मुलींच्या होस्टेलमध्ये प्रवेश मिळणार नाही, अशी भीती असलेल्या पारलिंगी विद्यार्थ्यासमोर शिक्षण सोडण्याचाच पर्याय उरतो.

छोट्या कॉलेजला हे नियम लागू होतात का?

होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. लिंग (ट्रान्सजेंडर ओळखीसह), लैंगिक कल, जात, वर्ण, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती अशा कारणांवरून विद्यार्थ्याचा शारीरिक किंवा मानसिक छळ करणं, त्याला वाळीत टाकणं, हे सगळं रॅगिंग ठरतं. लैंगिक छळाबाबतच्या २०१५ च्या नियमांतही तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे.

नंदुरबार जिल्ह्यातली महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. मुंबईच्या कॅम्पसला लागू असलेले हे नियम त्यांनाही तसेच लागू आहेत. चालण्या-बोलण्यावरून एखाद्या मुलाला रोज चिडवलं जात असेल, तर ती 'मस्करी' राहत नाही. त्याची तक्रार करता येते.

कॉलेजबाहेर विद्यार्थी काय करू शकतात?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असायला हवं. ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ते चालवतात. विद्यार्थी ज्या परिसरातून येतात, तिथल्या संस्था आणि वकील यांच्याशी या केंद्राने जोडून घ्यावं, असं नियमातच म्हटलं आहे. त्याशिवाय कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणूनही काम करता येतं.

या प्राधिकरणाचा आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांचा थेट संबंध आहे. २०१२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानेच तृतीयपंथीयांच्या ओळखीसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या प्रकरणात सहभागी झाल्या होत्या. १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. याच प्राधिकरणाची जिल्हा शाखा प्रत्येक जिल्ह्यात असते.

नंदुरबारसाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यामुळे धडगाव किंवा अक्कलकुव्यातल्या आदिवासी समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्तीला कोर्टाची पायरी चढायला वकिलाच्या फीची अडचण यायला नको. प्राधिकरणाचा मोफत मदत क्रमांक १५१०० आहे.

अडचण असते ती माहितीची आणि भाषेची. कोर्टाची मराठी सातपुड्यातल्या पाड्यांवर परकी वाटते. घरी पावरी किंवा भिली बोलणारा कायद्याचा विद्यार्थी इथे मोठ्या शहरातल्या वकिलापेक्षा जास्त उपयोगी ठरू शकतो.

खानदेशात असं काही घडलंय का?

शेजारच्या जळगाव जिल्ह्यात घडलं आहे. भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या पारलिंगी उमेदवाराने महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला होता. डिसेंबर २०२० मध्ये अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली आणि २ जानेवारी २०२१ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. अंजली यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे, ती कायमची आहे आणि तसा त्यांना हक्क आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर त्या निवडूनही आल्या.

अर्ज फेटाळण्यापासून निकालापर्यंत सगळं काही दिवसांत घडलं. मतदान तोंडावर असताना कोणत्या कोर्टात, कोणत्या मुद्द्यावर जायचं हे वेळेत कळलं नसतं, तर संधी गेली असती. नंदुरबार जिल्हाही याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

गावात वाळीत टाकलं तर?

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. तो जातपंचायतींच्या जाचासाठी ओळखला जातो. पण समाजातल्या एखाद्या व्यक्तीशी लैंगिकतेच्या कारणावरून भेदभाव करणं हेही त्यात बहिष्काराचं एक रूप मानलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. ओळखपत्र देण्याचं काम त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. त्यासाठी मुंबईला जावं लागू नये, हा त्यामागचा विचार.

काय अजून अपुरं आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ३७७ सारखं कलमच नाही. २०१८ नंतर ते कलम संमतीशिवायच्या कृत्यांपुरतं उरलं होतं. ते गेल्यामुळे पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर बलात्कार झाला, तर तो बलात्कार म्हणून नोंदवायला थेट कलम राहिलं नाही, कारण बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे. २०१९ च्या कायद्यात पारलिंगी व्यक्तीच्या लैंगिक छळाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली गेली. नोकरी किंवा भाड्याचं घर देताना लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावासाठीही वेगळा सर्वसमावेशक कायदा नाही.

दुसरी अडचण छोट्या गावाची आहे. तिथे तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःबद्दल सांगायचं आणि सांगितलेलं घरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा मानला. म्हणजे कोणाचीही ओळख त्याच्या परवानगीशिवाय उघड करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, अगदी मदत करणाऱ्यालाही नाही.

विधी सहाय्य केंद्रात बसणाऱ्या विद्यार्थ्याचं पहिलं काम म्हणूनच कलमं सांगणं हे नसतं. आलेल्या माणसाचं ऐकून घेणं आणि ऐकलेलं दाराबाहेर जाऊ न देणं, हे असतं. अर्ज भरायचं काम त्यानंतरचं.