तगर ते भडोच : तीस दिवसांची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला कुणा अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. तीत आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरविषयी मोजक्या ओळी आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर. तिथले जाडेभरडे कापड, मलमल आणि किनाऱ्याकडच्या प्रदेशातून आलेला माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जातो, असा त्यांचा आशय. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तोवर विद्वानांनी देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक गावे सुचवून पाहिली होती.

मला यात गंमत वाटते ती अंतराच्या मापाची. लेखक कोस सांगत नाही, दिवस सांगतो. नकाशावर सरळ रेषेत तेर ते पैठण सुमारे १५० किलोमीटर, पैठण ते भडोच सुमारे ३५०. म्हणजे गाडी दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर सरकत होती. दोन्ही टप्प्यांचा हिशेब चांगला जुळतो. आज आपल्या हातातला फोनही नेमके हेच करतो. किलोमीटर तो दाखवतो खरा, पण वाट निवडतो वेळेवरून.

वाट उपग्रह दाखवतो, असा सर्रास समज आहे. उपग्रहाला तेरही ठाऊक नाही आणि तेरणाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवत राहतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहापासूनचे अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा ठरते. चौथा उपग्रह लागतो तो फोनच्या घड्याळातली चूक काढायला. उपग्रहाचे काम इथे संपले. पुढचा सगळा हिशेब जमिनीवरचा.

त्या हिशेबाची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये, वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पिताना सुमारे वीस मिनिटांत सुचली; प्रसिद्ध झाली १९५९ मध्ये. नकाशा म्हणजे गावे आणि त्यांना जोडणारे रस्ते, आणि प्रत्येक रस्त्यावर लिहिलेला एक आकडा : लागणारा वेळ. तेरहून निघायचे तर आधी शेजारच्या गावांना लागणारा वेळ मांडायचा. त्यात सगळ्यांत जवळचे जे असेल ते पक्के करायचे, कारण दुसऱ्या कुठल्याही गावाला वळसा घालून तिथे त्याहून लवकर पोहोचणे शक्य नाही. कुठलाही रस्ता चालून गेलेला वेळ परत मिळत नाही. मग त्या पक्क्या गावाहून पुढच्या गावांचे आकडे मांडायचे. एखाद्या गावाचा आधीचा आकडा नव्या वाटेने कमी होत असेल तर खोडून नवा लिहायचा. पुन्हा सगळ्यांत कमी आकड्याचे गाव पक्के करायचे. असे करत भडोच पक्के झाले की थांबायचे. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी यात सुधारणा केली : मुक्काम कोणत्या दिशेला आहे त्याचा अंदाज धरून आधी तिकडच्या वाटा तपासायच्या. भडोचला जाणाऱ्याने नांदेडकडचे फाटे धुंडाळू नयेत, इतकी साधी गोष्ट.

रीत चोख आहे. खरी मेख रस्त्यावर लिहिलेल्या आकड्यात आहे. काळ्या रानातल्या गाडीवाटेचा आकडा वैशाखात एक आणि श्रावणात भलताच. आजचा आकडा त्याच रस्त्यावरून चाललेल्या इतर फोनच्या वेगावरून येतो. जिथून फारसे कुणी जात नाही, तिथे तो अंदाजच असतो.

आता पुन्हा पेरिप्लसकडे. पैठणहून समुद्राला मिळायचे तर कल्याण सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर, भडोचपेक्षा शंभराहून अधिक किलोमीटरने जवळ. मग तगरचा माल इतका लांब का जात होता? उत्तर त्याच ग्रंथात थोडे पुढे आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती ते आल्यापासून तिथे अडथळे झाले, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. परदेशी जहाजच लागणार नसेल तर घाट उतरून नेलेला माल द्यायचा कुणाला? कल्याणच्या वाटेवरचा आकडा राजकारणाने वाढवून ठेवला होता.

काही अभ्यासक सगळे कारण घाटाला देतात. नाणेघाटातून गाडी उतरत नाही, माल बैलांच्या पाठीवर लादावा लागतो, हे खरेच. पण घाट आधीही तसाच होता, आणि सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख त्याच घाटातल्या लेण्यात कोरला गेला. बिनवापराच्या वाटेवर कुणी असा लेख कोरत नाही. म्हणून मी घाटापेक्षा पहाऱ्याला अधिक वजन देतो.

त्या काळी भडोच क्षत्रप नहपानाकडे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा मारलेला ठसा आहे. त्यानंतरच्या कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून भेटू लागतात.