पत्ता कधी पक्का करायचा?

बिल्ड टूलला दिलेल्या स्क्रिप्टमधलं नाव नेमकं कधी खऱ्या मूल्याशी जोडायचं, या वादाचं एक मूळ केंब्रिजमध्ये सापडतं. ६ मे १९४९ रोजी तिथल्या एडसॅक संगणकाने पहिला प्रोग्राम चालवला, तेव्हा कागदी फितीवरच्या आज्ञा वाचून स्मृतीत ठेवणारा संच ३१ आज्ञांचा होता. प्रत्येक पत्ता लिहितानाच पक्का करावा लागे. मध्येच एक आज्ञा घुसवली की पुढचे पत्ते सरकत आणि ते हाताने सुधारत बसावं लागे. त्याच वर्षी डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने ४१ आज्ञांचा नवा संच लिहिला. आता उपप्रोग्राममधला पत्ता त्याच्याच पहिल्या आज्ञेपासून मोजायचा आणि आज्ञेच्या शेवटी थीटा लावायचा. ५ आणि थीटा अशी आज्ञा असलेला उपप्रोग्राम १०० पासून बसला, तर फीत वाचतानाच तिचा पत्ता १०५ होई. १९५१ पर्यंत ग्रंथालयात जमलेले ८७ उपप्रोग्राम कुठेही बसवता आले ते यामुळे.

पण सगळंच लोड होताना ठरत नव्हतं. काम संपल्यावर परत कुठे जायचं, हे उपप्रोग्रामला बोलावणाऱ्यावर अवलंबून होतं. म्हणून तो परतीचा पत्ता प्रोग्राम चालू असतानाच तयार होई. ही युक्ती व्हीलरच्याच नावाने ओळखली जाते. माझ्या मते खरा धडा इथे आहे: प्रत्येक संदर्भाची वेळ त्याला लागणारी माहिती हाती येण्यावरून ठरते. सगळं आधीच सोडवलं तर चुका लवकर सापडतात, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मात्र जे अजून ठरलेलंच नाही ते आधी गोठवलं, की पहिल्या संचासारखी दुरुस्तीची रांग लागते. उलट सगळं शेवटावर ढकललं, तर काय कशावर अवलंबून आहे हेच टूलला कळत नाही आणि चुकलेलं नाव बराच वेळ बिल्ड चालल्यावर उघडं पडतं.

स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या मेकच्या परंपरेतलं जीएनयू मेक हाच भेद पाळतं: लक्ष्यं आणि त्यांची अवलंबनं फाइल वाचतानाच सोडवली जातात, कारण कामाचा क्रम त्यांवरूनच लागतो, कृतीच्या ओळी मात्र ती कृती करायच्या वेळी. नवं बिल्ड टूल लिहिणाऱ्यांनी सरसकट एकच वेळ न ठरवता ही विभागणी स्वीकारावी आणि कोणतं नाव कधी सुटतं, हे कागदपत्रांत ठळकपणे सांगावं.