नर्सचा हात कुठे बसतो? ससूनच्या वॉर्डापासून लवळ्याच्या टेकडीपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आत्ताच्या एका जागेपासून करू. पुण्याहून सूस, नांदे करत मुळशी तालुक्यात शिरलं की लवळ्याची टेकडी लागते. तिथे सिंबायोसिस विद्यापीठाचं रुग्णालय आहे आणि याच विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेजही आहे. शिकवणाऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात सकाळी गेलात, तर पाच-सहा मुली (आणि हल्ली मुलगेही) एका खाटेभोवती उभ्या दिसतात. एक जण बीपी घेते, बाकीच्या बघतात. खाटेवरचे आजोबा मनात म्हणत असणार, हिचा हात बसलाय, की माझ्यावरच बसवतायत?

आजोबांची शंका रास्त आहे. नर्स पेशंटवरच शिकते, दुसरा मार्ग नाही. मग त्यात पेशंटचं भलं होतं की नाही, हे कुणी मोजलं का?

मोजायची सवय लावली फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं. 'दिवा घेतलेली बाई' एवढंच आपण शाळेत शिकलो, पण तिचं खरं हत्यार आकडे होते. भारतात ती कधीच आली नाही. तरी लंडनला बसून तिनं इथल्या लष्करी छावण्यांची माहिती मागवली. गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू होत होते, आणि बहुतेक लढाईत नव्हे, तर घाण पाणी आणि रोगराईनं. हा अहवाल १८६३चा. त्याआधी, १८६० मध्ये, तिच्या नावाची नर्सिंग शाळा लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झाली होती. वर्गापेक्षा वॉर्डात शिका, अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली शिका, ही तिथली पद्धत.

ही पद्धत पुण्यात रुजवताना मात्र नुसते आकडे पुरले नाहीत. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या डोक्यात मुंबईत एक संस्था काढायची कल्पना आली. स्त्रियांना आसरा मिळावा आणि भारतीय बायकांना नर्सिंग शिकवावं, असा बेत होता. मार्गदर्शनासाठी ते रमाबाई रानड्यांकडे गेले. पुढच्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि काही वर्षांतच तिथल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या.

आता जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. यातल्या कित्येकजणी विधवा. घरात ज्यांची सावलीही नको, त्यांनी परक्या पुरुषाची जखम धुवायची, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, बेडपॅन उचलायचं, रात्रपाळी करायची! नर्स म्हणजे ख्रिस्ती बाई किंवा 'तसली' बाई, असाच समज होता. रमाबाईंनी भाषणं तर दिलीच, पण शिकाऊ नर्सेससाठी वेगळं वसतिगृहही काढलं. मला विचाराल तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. रात्री ड्यूटीवरून परतायला सुरक्षित जागा नसती, तर कुठल्या घरानं मुलगी पाठवली असती? रमाबाई स्वतःही फळं, फुलं, पुस्तकं घेऊन पेशंटांना भेटायला जात.

पण या वॉर्डातल्या शिक्षणाला एक दुसरी बाजूही होती. शिकणारी आणि राबणारी एकच! हॉस्पिटलला हात कमी पडले की ट्रेनी मुलगी वह्या बाजूला ठेवून चादरी बदलणार. हे फक्त आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेत १९२३च्या गोल्डमार्क अहवालानं हेच दुखणं मांडलं होतं. आपल्याकडे १९४६ मध्ये भोर समितीनं हिशोब मांडला, तेव्हा देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली आणि १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला.

शिक्षणाचा पेशंटला फायदा होतो का, याचा मोठा हिशोब मात्र फार उशिरा हाती आला. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांमधली ३०० हॉस्पिटलं आणि ४ लाखांहून जास्त शस्त्रक्रियेचे पेशंट तपासले. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं, की तीच शक्यता ७ टक्क्यांनी कमी. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालं असं नाही. पण भोर समितीच्या हातात हे आकडे असते तर?

आणि आपल्याकडचं संशोधन? इथल्या नर्सिंग कॉलेजांतले एमएस्सीचे प्रबंध चाळलेत तर एक ठरलेला साचा भेटतो. चाळीस-साठ विद्यार्थी घ्यायचे, प्री-टेस्ट, मग शिकवणी, मग पोस्ट-टेस्ट. मार्क वाढले की प्रयोग यशस्वी! वाढणारच हो, आत्ताच शिकवलंय. त्या मुलींनी ज्यांना कूस बदलून दिली, त्यांना बेडसोर कमी झाले का? सलाईनची सुई लावलेला हात सुजला का? हे मोजायला महिनोन्‌महिने वॉर्डात नोंदी ठेवाव्या लागतात, आणि प्रबंध जमा करायची तारीख काही थांबत नाही. लवळ्यात वॉर्ड आणि कॉलेज एकाच विद्यापीठाचे आहेत, म्हणजे खाटेवरच्या आजोबांची नोंद आणि शिकणाऱ्या मुलीची नोंद शेजारी शेजारी ठेवता येईल.