भोयांच्या खांद्याखाली

अंगात फ्लाइट पॅरामेडिकचा गणवेश, डोक्यावर हेल्मेट. डोळे मिटा, उघडा. हेलिकॉप्टर गायब! तुम्ही माथेरानवर आहात आणि नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू होईल, म्हणजे अजून बरीच लांब आहे. तांबडी माती तळव्यांना चटका देते. घोड्यांच्या लिदीचा आणि पिकल्या जांभळांचा वास एकदमच नाकात शिरतो. हमालांचा गलका, माकडांची चिरचिर, आणि मध्येच घोळका: झाडावरून पडलेला ठाकराचा पोरगा, मांडीचं हाड मोडलेलं. खाली नेरळला न्यायचं, तिथून आगगाडीनं मुंबईला, जे. जे. रुग्णालयात.

तुमचं शिक्षण मोठंच आहे. उंचीवर छातीत अडकलेली हवा फुगते, म्हणून उडण्याआधी ती काढायची. पंख्याच्या आवाजात स्टेथोस्कोप कामाचा नाही, तेव्हा छातीचा उठाव डोळ्यांनी बघायचा. शेपटाच्या पंख्याकडे कधीच जायचं नाही. पण इथे साडेसातशे मीटर उतरायचे आहेत, तेही खांद्यावर.

तुम्ही नाडी बघता, पायाच्या बोटांचा रंग बघता. तेवढ्यात दोघांनी बांबूच्या कामट्या लावून धोतराच्या पट्ट्यांनी पाय बांधलाही. पोराला डोलीत घालतात, आणि भोयांबरोबर तुम्हीही दांड्याखाली खांदा देता.

“दादा, डोकीवरचं काढा, घामानं आंधळं व्हाल,” म्हातारा भोई म्हणतो. “आन् पाय मिळवू नका.”

इथेच तुमची कवायत चुकते. सगळ्यांची पावलं एकदम पडली की डोली हिंदकळते आणि मोडलं हाड मांसात रुततं. पोरगा किंचाळतो. तुम्ही पाऊल मोडून टाकता. किंचाळणं कण्हण्यावर येतं. हे कुठल्याही वर्गात बसून शिकता येणार नाही. आजच्या प्रत्येक पथकानं एकदा तरी असा उतार खांद्यावर उतरावा, असं मला मनापासून वाटतं.

मागच्यांना वाट दिसत नाही. म्हणून पुढचा बोलत राहतो: “निसरडं हाय… डावीकडं मूळ…” मागून हुंकार येतो. आला नाही, तर डोली जागच्या जागी थांबते. हेलिकॉप्टरमध्येही ऐकलेलं परत बोलून दाखवायचं असतं, तसंच.

दांडा खांद्याची कातडी सोलतो. पोरगा पाणी मागतो. शस्त्रक्रिया करावी लागेल, म्हणून तुम्ही फक्त ओठ ओले करता. म्हातारा बघतो, काही बोलत नाही. पुढच्या वळणावर खांदापालट होते.

“आता तुमी म्होरं व्हा.”

“दगड! उजवीकडं!” तुम्ही ओरडता. आणि मागून हुंकार येतो.