हातमशीन, पिशवी आणि गोधडी

शिवणयंत्राचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला महाराष्ट्रात पहिल्याच पायरीवर एक प्रश्न अडवतो. हे यंत्र आले तेव्हा इथल्या घरांत शिवायला होते तरी काय? लुगडे शिवायचे नसते, धोतर शिवायचे नसते. उपरणे, पंचा, पागोटे यांनाही सुई लागत नाही. शिवलेले म्हणावे असे कपडे मोजकेच : चोळी, बंडी, बाराबंदी, लहान मुलांची झबली आणि कुंच्या. त्यातले सोपे ते घरात हाताने होई, अवघड ते शिंप्याकडे जाई. मग काळ्या रंगाचे, सोनेरी वेलबुट्टीचे, हाताने फिरवायचे ते यंत्र घराघरांत येऊन बसले ते कशासाठी?

गेली काही वर्षे मी अशी जुनी हातमशिने आणि त्यांवर शिवलेल्या वस्तू पाहत हिंडते आहे. यंत्रे सापडतात. माळ्यावर, जुन्या बाजारात, कुणाच्या दिवाणखान्यात फुलदाणीखाली. वस्तू मात्र सापडत नाहीत, कारण त्या वस्तू म्हणजे पिशव्या आणि दुपटी. वापरून विरल्या, पायपुसणी झाल्या आणि संपल्या. संग्रहालयात यंत्र जाते, पिशवी जात नाही. त्यामुळे शिवणयंत्राचा इतिहास हा मॉडेलांचा आणि कारखान्यांचा इतिहास होऊन बसतो. माझ्या मते हातमशिनाची खरी कागदपत्रे म्हणजे पिशवी आणि गोधडी. आणि गंमत अशी की या दोघींची साक्ष एकमेकींच्या अगदी उलट आहे.

आधी यंत्राविषयी थोडे. एलियास हाउ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली अमेरिकेत आपापली पेटंटे घेतली. हातशिलाईत एकच दोरा कापडाच्या आतबाहेर धावतो. यंत्रात टोकाशी नेढे असलेली सुई वरचा दोरा खाली नेते, खालचे धोटे त्याच्या फासातून दुसरा दोरा ओवते आणि दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या पोटात बसते. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ पासून यंत्र हप्त्याने विकायला सुरुवात केली, आणि ही हप्त्याची कल्पना यंत्राइतकीच दूरवर गेली. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंगने ‘उषा’ काढले आणि देशी यंत्राचा जमाना सुरू झाला.

माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक सिंगर हातमशिने स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावच्या किलबोवी कारखान्यातली आहेत. यंत्राच्या बुडाशी कोरलेल्या क्रमांकावरून ते ओळखता येते. हा कारखाना १८८०च्या दशकात उभा राहिला आणि १९८० साली बंद पडला. गावच्या एका रेल्वे स्टेशनाचे नाव अजूनही ‘सिंगर’च आहे. १९११च्या मार्च महिन्यात तिथल्या लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या १२ बायकांनी वाढीव कामाविरुद्ध हात थांबवले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ११,००० कामगार बाहेर पडले. संप मोडला आणि पुढाकार घेणाऱ्यांना नंतर कामावरून काढले गेले. आपल्याकडच्या हातमशिनावरचे ते कमानदार लाकडी झाकण पुसताना मला त्या बायका हटकून आठवतात. यंत्र विकत घेणाऱ्या बाईला त्यांची बातमी कळली असण्याचा संभव नव्हता.

हातमशीनच का, पायमशीन का नाही, याचे एक उत्तर पैशाचे आहे. लोखंडी पायटा आणि टेबल यांचे दाम वाचत. पण दुसरे उत्तर बसण्याचे आहे आणि ते मला अधिक पटते. आपल्या घरात काम जमिनीवर बसून होत असे. निवडणे, टिपणे, लाटणे, चिरणे सगळे. हातमशीन पाटावर किंवा जमिनीवर ठेवून मांडी घालून चालवता येते, उजेडासाठी उंबऱ्याशी ओढता येते आणि पाहुणा आला की झाकण घालून भिंतीशी सरकवता येते. त्यासाठी घरात खुर्ची यावी लागली नाही.

या सोयीची किंमत म्हणजे एक हात. उजवा हात मुठीवर, डावा कापडावर. मुठीचा एक फेरा झाला की आतल्या दातेरी चाकांमुळे सुई साधारण तीन वेळा खाली जाते. वेग कमी, पण ताबा विलक्षण. हवा तिथे टाका थांबवता येतो, सुई कापडात रोवून ठेवून कोपरा वळवता येतो, जाड जागी अर्धा-अर्धा फेरा देत पुढे सरकता येते. पिशवी आणि गोधडी यांचे नशीब या एका हातावर ठरले.

गोधडी घ्या. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे आणि कडेने आत सरकत धावदोरा घालायचा, ही तिची रीत. हे काम हातमशिनावर करून पाहावे म्हणजे अडचण कळते. सुई आणि यंत्राचा खांब यांच्यामधली जागा छोट्या हातमशिनात वीतभरही नसते; एवढ्यातून गुंडाळलेली गोधडी जायची कशी? ती सांभाळायला दोन हात हवेत, आणि मोकळा असतो एकच. यंत्राचे खालचे दाते तळचा थर पुढे ढकलतात, वरचा थर मागे रेंगाळतो, आणि हातभर शिवून होईतो वरच्या बाजूला चुण्यांची रांग उभी राहते.

पण एवढ्याने बाया हटल्या नसत्या. खरी हरकत कापडाची होती. गोधडीत जाते ते विरलेले कापड. यंत्राची टीप म्हणजे जवळजवळ पाडलेल्या भोकांची ओळ. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी. विरलेले लुगडे त्या ओळीवर नेमके फाटते. धावदोऱ्याचे टाके लांब, सैल आणि थोडे वाकडे. ओढ पडली की ती चार दिशांना वाटली जाते. शिवाय गोधडी हे उसवायचे वस्त्र आहे. काही वर्षांनी धावदोरा ओढून काढायचा, थर धुवायचे, वर नवे लुगडे घालायचे आणि पुन्हा शिवायची. यंत्राची टीप अशी ओढून निघत नाही, एकेक अढी कापावी लागते, आणि कापताना जुने कापडही कापले जाते. म्हणजे यंत्राची शिलाई ‘पक्की’ होती, आणि गोधडीला तेच नको होते.

म्हणून घरात यंत्र असूनही गोधडी हातानेच शिवली गेली. पूर्ण खरे सांगायचे तर तिची वाटणी झाली. माझ्या पाहण्यातल्या काही गोधड्यांमध्ये वरच्या थराचे तुकडे यंत्राने जोडलेले आहेत, कडेचा गोटही यंत्राचा आहे, आणि मधला सगळा पसारा धावदोऱ्याचा. दुपटे लहान असल्याने कधी पूर्ण यंत्रावर झालेले दिसते. यंत्राने हातकाम संपवले, हे वाक्य आपण इतक्या सवयीने लिहितो की ते गोधडीवर टेकवून पाहायचे राहून जाते.

पिशवीचे सगळे याच्या उलट. कापड मांजरपाटासारखे टणक किंवा जुन्या विजारीचे जाड. शिलाई सरळ, लांबी हातभर, आणि भार सगळा दोन ठिकाणी : तळाशी आणि बंदांच्या मुळाशी. तिथे दुहेरी टीप, बंदाच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली. हा चौकोन हातमशिनावर जितका नेटका बसतो तितका नवशिक्या बाईच्या पायमशिनावर बसत नाही; पायाखालचे चाक कोपऱ्याच्या पुढे पळते. हाताने शिवलेल्या पिशवीचा दोरा एका जागी तुटला की ज्वारी वाटभर सांडत जाते. यंत्राचा दोरा एका जागी तुटला तरी शेजारचे टाके बराच काळ तग धरतात. गोधडीला नडलेली तीच अढी इथे कामाला आली.

पिशवी आपल्याकडे यंत्राआधीही होती, यात शंका नाही. पानतंबाखूची चंची, नाण्यांचा कसा, खांद्यावरची पडशी या सगळ्या हातशिलाईच्या, आणि त्यांतल्या काही फार देखण्या. बाजाराची साधी, मोठी, दोन बंदांची पिशवी मात्र मला यंत्राची लेक वाटते. शहरांत तिची गरजही वाढत गेली. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग आले आणि मोजून मिळणारे धान्य आणायला रांगेत उभ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी आली. तांदळाची निराळी, गव्हाची निराळी, साखरेची बारीक विणीची. दळणाची पिशवी ही त्यांची धाकटी बहीण. तिच्या शिवणीत पीठ अडकू नये म्हणून शिवण आतून दुमडून पुन्हा टीप घातलेली असे. शाळेचे दप्तरही याच घरातले.

इथे गांधीजींना आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त छापलेल्या एका संभाषणात त्यांनी यंत्रांवरच्या आपल्या टीकेला शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोचे सुईशी चाललेले कंटाळवाणे कष्ट सिंगरला पाहवेनात, तिच्यावरच्या प्रेमापोटी त्याने हे यंत्र घडवले, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षातला सिंगर हा नाटकात काम केलेला, अनेक घरे मांडणारा, २४ मुलांचा बाप असलेला गृहस्थ होता आणि त्याला पैसे हवे होते. शिवणाऱ्या बायकोची कथा सांगितली जाते ती हाउची. पण गांधीजींचा मुद्दा कथेवर उभा नव्हता. ज्या यंत्रामुळे माणसाचा हात निकामी होत नाही ते चालेल, एवढेच त्यांना म्हणायचे होते, आणि हातमशिनाला ती कसोटी शब्दशः लागू पडते. फक्त त्यांनी धरलेली दुसरी गोष्ट, की बाईचे कष्ट वाचले, ती मला तपासून घ्यावीशी वाटते.

कारण यंत्र घरात आले की शेजारपाजारच्या कापडाची वाटही त्या घराकडे वळते. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनात, १९०९ नंतर, बायकांसाठी शिवणाचे वर्ग चालत. विधवांनी आणि निराधार बायकांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे यासाठी चाललेल्या संस्थांमध्ये शिवण हा हमखास विषय असे. या शिक्षणाचे मोल मोठे आहे. पण वर्गात न गेलेल्या बाईचे काय? पोलके बेतायला शिकावे लागते, कापड चुकले तर भरून द्यावे लागते. पिशवी बेतायला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून माझा अंदाज असा की न शिकलेल्या हाताला मिळालेली पहिली मजुरी बहुधा पिशवीची, परकराची, उशीच्या अभ्र्याची असावी.

मराठी आत्मचरित्रांत आणि मृत्युलेखांत एक वाक्य वारंवार येते : आईने शिवणकाम करून मुलांना वाढवले. वाक्य तिथेच संपते. काय शिवले, कुणासाठी, नगाला किती मिळाले, दोरा कुणाचा, यंत्र स्वतःचे की हप्त्याचे, हप्ता थकला तेव्हा काय झाले, यातले काही पुढे येत नाही. मुलगा शिकला, साहेब झाला, आईविषयी कृतज्ञ राहिला आणि तिचा हिशेब मात्र लिहायचा राहिला. शिंप्याचे काम हा धंदा, तर बाईचे तेच काम हा ‘हातभार’. हातमशिनाच्या बाबतीत हा शब्द फार क्रूरपणे अचूक आहे.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला पुन्हा गिऱ्हाईक आले. आमच्या भागातल्या बचतगटांनी पिशव्या शिवायला घेतल्या. बहुतेक पायमशिनांवर आणि मोटारीवर, पण दोन घरांत माळ्यावरचे हातमशीन खाली उतरलेले मी पाहिले. एकीचे सिंगर होते, लांब होडीसारख्या धोट्याचे. त्या धोट्याच्या बॉबीन आता सहज मिळत नाहीत, म्हणून तिच्याकडे दोनच होत्या आणि दर थोड्या पिशव्यांनंतर ती थांबून त्या भरून घेत होती. मी नगाचा दर विचारला. तिने सांगितला आणि लगेच सासूकडे पाहिले. सासूने विचारले, “हे लिहून घेताय का?” मी हो म्हटल्यावर तिने तिच्या वेळचा दर सांगायला सुरुवात केली, पिशवीचा वेगळा, दुपट्याचा वेगळा, आणि मुठीच्या बाजूला लाकडात असलेल्या लहान कप्प्याचे झाकण उघडून दाखवले. आत तुटक्या सुया, एक गंजलेला पेचकस आणि मांजरपाटाच्या बंदाचा बोटभर तुकडा होता, फुलीच्या टिपेसकट.